"आई, आपण हरवलोय का?"

"मुलांना घेऊन एकटीच परदेशात चाललेय. काही बिघडलं आणि मीच त्यांच्यासमोर कोसळले तर?" सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न समुपदेशनात हमखास येतो. आया विचारतात, एकट्याने मुलांना नेणारे बाबाही विचारतात. इथे एका आईचा अनुभव देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. प्रवासाला सहा आठवडे होते. आधीच्या प्रवासात पहिलं विमान उशिरा पोचलं, पुढचं सुटलं, फोनची बॅटरी संपली आणि धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. काउंटरसमोरच या आईंना रडू फुटलं. तेव्हा मुलीने विचारलं, "आई, आपण हरवलोय का?" दोन वर्षं झाली तरी तो प्रश्न त्यांच्या कानातून गेला नव्हता. नवीन तिकिटं काढल्यापासून झोप उडाली होती. रात्री उठून त्या सामानाची यादी वाढवत. यादी चार पानांवर गेली, भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

यादीत वस्तू होत्या. त्या क्षणी काय करायचं, ते कुठेच नव्हतं. 'विमान चुकलं तर?' असं मनात आलं की मन चित्र रंगवत जातं आणि सर्वांत वाईट क्षणावर येऊन थांबतं. त्यानंतर काय झालं, ते दाखवतच नाही. म्हणून पहिल्या सत्रात आम्ही त्यांना त्याच क्षणाच्या पुढे नेलं. विमान सुटलं, रडू आलं. मग? "मग दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं." मग? "बाकांवर झोपलो." मग? त्या थोडं थांबल्या. "धाकटा अजून त्या बाकांबद्दल कौतुकाने सांगतो." ती रात्र शेवटपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती.

मुलं आपला चेहरा वाचतात, ही त्यांची धास्ती खरीच आहे. 1985 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात वर्षभराच्या बाळांसमोर काचेखाली खोलगट भाग दिसेल अशी मांडणी केली होती. आई हसऱ्या चेहऱ्याने पाहत होती तेव्हा 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून आली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही आलं नाही. पण यातून 'आईने कधी घाबरूच नये' असा अर्थ काढू नका. नऊ वर्षांच्या मुलीला आईचे भरलेले डोळे दिसतात. त्यावर "काही झालं नाही" ऐकलं की ती आणखी घाबरते, कारण आता तिला दिसणारं आणि सांगितलं जाणारं जुळत नाही. म्हणून आम्ही तीन वाक्यं ठरवली आणि ती मोठ्याने म्हणून घेतली: "आपलं विमान चुकलंय. दुसरं मिळेपर्यंत आपण इथेच थांबणार. मी तुमच्याजवळ आहे." काय झालं, आता काय होणार आणि सोबत कोण, इतकं मुलांना पुरतं. वाक्यं बोलण्याआधी दहा श्वास: चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. दोन मिनिटंही लागत नाहीत, पण रोज घरी केलेला असेल तरच हा सराव ऐनवेळी आठवतो.

मोठ्या मुलीला काम द्यायचं, पण नीट निवडून. फलकावरचा गेट क्रमांक वाचणं, पाण्याची बाटली सांभाळणं ही कामं झाली. 'भावावर लक्ष ठेव' हे काम देऊ नये. त्यात काही चुकलं तर ती ते ओझं वर्षानुवर्षं वाहते.

दुसऱ्या सत्रात चार पानांची यादी बाजूला ठेवून एकच कार्ड लिहिलं. कागदावरच, कारण फोन बंद पडू शकतो. विमान कंपन्यांचे मदत क्रमांक, विम्याचा क्रमांक, दूतावासाचा तातडीचा क्रमांक आणि प्रत्येक प्रसंगात पहिली कृती कोणती, एवढंच.

विमान चुकलं तर रांगेत उभं राहायचं आणि त्याच वेळी कंपनीला फोनही लावायचा; जे आधी लागेल ते. सगळे टप्पे एकाच बुकिंगवर असतील तर पुढची सोय कंपनीने करायची असते. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. म्हणून मुलं बरोबर असताना स्वस्त पडतात म्हणून सुटी तिकिटं जोडू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. हॉटेल मिळालं तरी त्या देशाचा व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेर पडता येत नाही, आणि आत दिलेल्या बॅगा बहुतेकदा कंपनीकडेच राहतात. त्यामुळे औषधं, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत हवी.

दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र हवं: मुलांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, देश आणि संपर्क. सोबत जन्मदाखल्याची प्रत, विशेषतः आडनावं वेगळी असतील तर. अधिकारी मुलांनाही विचारू शकतात, "या कोण? कुठे निघालात?" पालकांच्या वादात मुलं देशाबाहेर नेली जातात, त्याविरुद्ध 1980 चा हेग करार आहे, चौकशीमागे ती काळजी असते. मुलांना हे आधीच सांगून ठेवलं तर ती गांगरत नाहीत.

मूल गर्दीत चुकलं तर त्याने जागेवरच थांबायचं आणि आईचं पूर्ण नाव घेऊन हाक मारायची. 'आई' ही हाक परदेशात कुणाला कळणार? मनगटाच्या पट्टीवर देशाच्या कोडसह फोन क्रमांक, आणि रोज सकाळी निघताना मुलांचा एक फोटो, म्हणजे अंगावर काय होतं ते आठवत बसावं लागत नाही.

औषधांबाबत एक चूक फार होते. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो आणि प्रत्येक देशात सिरपची तीव्रता सारखी नसते. 'एक चमचा' असं लिहून घेऊ नका. डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. ओआरएसच्या पुड्या काही 200 मिलिलिटरच्या, काही एक लिटरच्या असतात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, घट्ट केलेलं द्रावण घातक ठरतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने द्यायचं. मूल सुस्त पडलं, उलटी हिरवी झाली किंवा तिच्यात रक्त दिसलं, की डॉक्टरकडे जायला उशीर करायचा नाही.

प्रवास झाला. जाताना अधिकाऱ्याने संमतीपत्र मागितलं; धाकटा आईच्या मागे लपला, मुलीने न अडखळता उत्तर दिलं. येताना मधल्या विमानतळावर रात्रीचं विमान रद्द झालं. हॉटेलचं कूपन मिळालं, पण व्हिसा नव्हता, म्हणून रात्र आतच काढावी लागली. हातातल्या बॅगेत कपडे होते. तिकीट बदलून मिळाल्यावर त्या बाकावर बसल्या आणि पुन्हा रडल्या. मुलीने विचारलं, "आई, रडतेस?" त्या म्हणाल्या, "हो, फार दमलेय. रडून झालं की आपण पाणी भरून आणू." मुलगी शेजारी बसून राहिली, मग बाटली घेऊन उठली.

परत आल्यावरच्या सत्रात त्यांनी कार्ड काढून दाखवलं. रांगेत पाऊण तास गेला होता, तेवढ्यात धाकट्याची चड्डी ओली झाली आणि नंबर सोडावा लागला होता. कार्डावर त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: रांगेत उभं राहण्याआधी दोघांना शू.