समुद्रकिनारे सोडून गोव्याच्या सांगे तालुक्यात एका दिवसात काय पाहता येईल?

सकाळी पणसायमळची कातळशिल्पे, दुपारी नेत्रावळीचे बुडबुड्यांचे तळे आणि परतताना साळावली धरण, एवढे एका दिवसात आरामात होते. मी सांग्याचाच, घरी पाहुणे आले की हाच क्रम ठेवतो. वेळ कमी पडला तर धरण गाळा, पण पणसायमळ सोडू नका. रिवणजवळ कुशावतीच्या काठी सपाट जांभ्या दगडावर अश्मयुगीन माणसाने गवे, हरणे, मोर आणि एक मोठे चक्रव्यूहासारखे वर्तुळ कोरले आहे. शंभराहून जास्त आकृत्या आहेत आणि 1993 पर्यंत त्या अभ्यासकांच्या नजरेआड होत्या. सकाळी ऊन तिरपे असते, तेव्हा रेषा नीट उठून दिसतात. कृपया पादत्राणे काढूनच वर जा, फोटोसाठी खडूने रेषा गिरवू नका. जांभा झिजतो आणि झिजलेले परत येत नाही. नेत्रावळीचे तळे गोपीनाथाच्या देवळासमोर आहे, तळातून सतत बुडबुडे येत असतात.

फक्त ऋतू बघून या:

- नेत्रावळीचा सावरी धबधबा आणि धरणाचा गोल सांडवा भरून वाहताना पाहायचा तर पावसाळा.
- धरणात बुडालेले कुर्डी गाव, म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, पाणी ओसरल्यावर मे महिन्यातच उघडे पडते. तिथले सोमेश्वराचे देऊळ आणि घरांची जोती तेव्हा पायी फिरून पाहता येतात, विस्थापित कुटुंबेही उत्सवाला येतात.

स्वतःचे वाहन हवेच, बसच्या भरवशावर हे सगळे होणार नाही.