“लाळ आटवायची गोळी आहे का हो?”

पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्यांच्या घरून हा प्रश्न मला हमखास येतो. मागे एक काकू तोच घेऊन आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). काका सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. हाताच्या कंपाचं त्यांनी कधी फारसं मनावर घेतलं नाही. पण एका लग्नात चारचौघांत सदऱ्यावर लाळ गळली आणि तेव्हापासून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. भजनी मंडळही सुटलं. काकूंनी आपल्या परीने उपाय शोधला होता: पाणी कमी द्यायचं.

“पाणी आधी पहिल्यासारखं सुरू करा,” मी म्हटलं. पाणी तोडून गळणं थांबत नाही, बद्धकोष्ठता मात्र वाढते, आणि या आजारात ती मुळातच पिच्छा पुरवते.

खरं तर या आजारात लाळ बहुधा जास्त तयार होतच नाही. आपण सगळेच दिवसभरात लिटरभराच्या आसपास लाळ नकळत गिळत असतो. पार्किन्सन्समध्ये हालचाली मंदावतात तसं हे आपोआप गिळणंही मंदावतं. त्यात मान पुढे झुकलेली, ओठ अर्धवट उघडे. मग लाळ साचते आणि ओघळते. हे ऐकून काका पहिल्यांदाच बोलले, “म्हणजे मी गबाळा झालेलो नाही.”

मग हळूहळू कळलं, की त्यांना लाळेपेक्षा जास्त बोचत होतं ते पाहुण्यांसमोरचं “अहो, पुसा!” काकू काळजीनेच म्हणायच्या, पण रोज ऐकणाऱ्याला ती काळजी वाटत नाही. दोघांनी मिळून एक खूण ठरवली: काकूंनी फक्त कोपराला हात लावायचा. तो लागला की काकांनी हनुवटी वर घ्यायची, ओठ मिटायचे, गिळायचं. बोलायला तोंड उघडण्याआधीही तसंच.

पुढचं काम माझं नव्हे. मी त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं; बोलण्यासोबत गिळण्याचंही तेच पाहतात. गिळणं होत राहावं म्हणून चघळायला खाऊची गोळी किंवा च्युइंगगम द्यायचं असेल, तरी गिळणं नीट तपासल्याशिवाय देऊ नये, घशात अडकायची भीती असते. न्यूरॉलॉजिस्टनी आधी पार्किन्सन्सच्या औषधांच्या वेळा पाहिल्या. काकूंना हवी होती तशी, लाळ कमी करणारी औषधं आहेत. पण त्यांतल्या काहींनी वयस्कर माणसाला भ्रम होतो, लघवी अडते, विसराळूपणा वाढतो. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती आणून देऊ नयेत, हे मी जरा कडक आवाजातच सांगते.

एवढ्याने भागलं नाही, तर लाळग्रंथींत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देता येतं. सुरकुत्यांसाठी वापरतात तेच. गुण साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. अनुभवी हात लागतो, कारण औषध आजूबाजूला पसरलं तर गिळणं आणखी अवघड होऊ शकतं. खर्चही आहे. घ्यायचं की नाही यावर मुलगा आणि काकू बराच वेळ बोलत होते. मी म्हटलं, काकांना विचारा. त्यांनी घ्यायचं ठरवलं.

आता ते मंडळात जातात, खिशात दोन रुमाल ठेवून. लाळ पूर्ण थांबलेली नाही. जेवताना ठसका लागू लागला, आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येऊ लागला किंवा वरचेवर ताप-खोकला होऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं, हे काकूंनी फ्रिजवर लिहून चिकटवलं आहे.