डलहौसी गुन्हेगार ठरतो का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही रिटायर मंडळी रोज संध्याकाळी राजवाडा चौपाटीवर जमतो. परवा विषय निघाला की दुसऱ्या देशावर चढाई करणं हा आता आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे, तर मी म्हटलं मग डलहौसीनं १८४८ ला सातारचं राज्य खालसा केलं तो पण गुन्हाच की. त्यावर आमच्यातला एक फौजी भडकला, म्हणाला उद्या हुकूम पाळणाऱ्या जवानालाही गुन्हेगार ठरवाल. वडापाव गार झाला पण वाद मिटेना. तुम्हीच सांगा.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी फौजी मित्राला शांत करू, कारण त्याचं उत्तर सोपंय. आक्रमणाचा गुन्हा जवानाला लागतच नाही. ज्याच्या हातात देशाच्या राजकारणाची किंवा लष्कराची सूत्रं आहेत त्यालाच तो लागतो, म्हणजे पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष, मंत्री, सर्वोच्च सेनापती असली माणसं. जवानानं गावं जाळली, कैदी मारले तर तो युद्धगुन्हा, त्याचा हिशोब वेगळा, आणि तिथं नुसतं 'वरून हुकूम होता' म्हणून सुटता येत नाही. इथं मात्र प्रश्न एवढाच की लढाई सुरू कुणी केली.

रुडॉल्फ हेसचं बघा. हिटलरचा उजवा हात, पण मे १९४१ मध्ये हा गडी एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडला गेला, पॅराशूटनं उतरला आणि पकडला गेला, पुढचं सगळं युद्ध कैदेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन नेत्यांवर न्युरेंबर्गला खटला चालला, त्यात युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या दोन आरोपांतून तो सुटला, दोषी ठरला तो कट आणि 'शांततेविरुद्धचे गुन्हे' यात, म्हणजे आक्रमक युद्धाची तयारी करण्यात. तेवढ्यावर जन्मठेप! १९६६ नंतर बर्लिनच्या त्या अख्ख्या स्पांडाऊ जेलात हा एकटाच कैदी होता, १९८७ मध्ये तिथंच गेला, वय ९३.

आता तुमचा डलहौसी. मनाला पटत नाही पण कायद्यानं तो सुटतो. एकतर त्यानं चढाई केलीच नाही, आप्पासाहेब महाराज वारल्यावर दत्तक नामंजूर केला आणि कागदावर राज्य गिळलं, आणि दुसरं म्हणजे त्या काळी युद्ध करणं हा राजेलोकांचा हक्कच मानायचे. आप्पासाहेबांच्या आधी इंग्रजांनी गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, पण दाद मागायची कुणाकडं तर ज्यांनी अन्याय केला त्यांच्याकडंच. युद्धाचा मार्ग सोडतो असं देशांनी लिहून दिलं ते १९२८ च्या पॅरिस करारात, त्यावर जर्मनी आणि जपाननं पण सह्या केल्या, पण त्यात सुरू करणाऱ्याला शिक्षा काय हे एका शब्दानं नव्हतं. न्युरेंबर्गचा कच्चा दुवा तो हाच, आणि शिवाय न्यायाधीशांत एक रशियन, ज्या रशियानं १७ सप्टेंबर १९३९ ला पोलंडमध्ये स्वतःच सैन्य घुसवलेलं.

हे तोंडावर बोलून दाखवलं आपल्याच माणसानं. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात ११ न्यायाधीश होते, त्यात राधाबिनोद पाल. त्यांचं म्हणणं, युद्ध झालं तेव्हा असा गुन्हा कायद्यात नव्हताच, आणि ज्यांनी अर्धा आशिया असाच बळकावला त्यांनी जपानला शिकवावं हे कसं? सगळे आरोपी निर्दोष, असं त्यांनी लिहिलं. जपाननं चीनमध्ये केलेले अत्याचार मात्र पालांनी नाकारले नव्हते, हे लोक विसरतात. बाकीच्यांनी ऐकलं नाही, ७ जण फाशी गेले.

पुढं संयुक्त राष्ट्रांना आक्रमणाची व्याख्या करायला १९७४ उजाडलं, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाला हा गुन्हा चालवायचा अधिकार मिळाला १७ जुलै २०१८ ला, तोही मागचं उकरून न काढता. आणि जो देश त्या कोर्टाचा सदस्यच नाही त्याच्या नेत्यावर या गुन्ह्याची केस एरवी तिथं चालत नाही, सुरक्षा परिषदेनं प्रकरण पाठवलं तरच. अमेरिका, रशिया, चीन सदस्य नाहीत. आपणही नाही.