वाचकांचे प्रश्न : टाकीतल्या ऑर्कांनी जायचे कोठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली आणि चारही कोकणपट्टीतून आली आहेत. विषय आहे ऑर्का, म्हणजेच किलर व्हेल, या प्राण्याच्या बंदिवासाचा. नावात व्हेल असले तरी ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. श्रीलंकेजवळ आणि अरबी समुद्रात तो क्वचित दिसल्याच्या नोंदी असल्या, तरी आपल्या किनाऱ्याला त्याची ओळख आहे ती चित्रफितींमधूनच. पत्रे थोडी आवरून छापली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांनी मोबाइलवर फ्रान्समधील बंद पडलेल्या एका सागरी उद्यानाची चित्रफीत पाहिली. शेवाळलेल्या टाक्यांमध्ये दोन किलर व्हेल फिरत होते आणि उद्यानापलीकडे समुद्र दिसत होता. एका मुलाने विचारले, "बाई, समुद्र एवढा जवळ आहे, मग त्यांना सोडून का देत नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. आपण द्याल काय?
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : बाई, आपल्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ते उद्यान दक्षिण फ्रान्समधील आंतिब येथील. देवमासे व डॉल्फिन यांचे खेळ बंद करण्याचा कायदा फ्रान्सने २०२१ मध्ये केला, त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये हे उद्यान बंद झाले. प्रेक्षक घरी गेले आणि विकी ही आई व केइजो हा तिचा मुलगा टाकीतच राहिले. दोघांचाही जन्म टाकीतला आहे. कुंपणापलीकडचा भूमध्य समुद्र त्यांनी कधी अनुभवलेला नाही, जिवंत मासा पाठलाग करून पकडण्याची त्यांना सवय नाही, आणि त्यांचे पूर्वज ज्या पाण्यातून पकडून आणले ते आइसलँडचे पाणी तेथून हजारो किलोमीटर दूर आहे. फाटक उघडून त्यांना बाहेर काढणे म्हणजे घरी पाठवणे ठरणार नाही.

परंतु शिकार न येणे ही अडचण मला दुय्यम वाटते. खरी अडचण गणगोताची आहे. ईशान्य पॅसिफिक महासागरात मासे खाऊन राहणाऱ्या ऑर्कांचा अभ्यास १९७० च्या दशकापासून एकेका प्राण्याची ओळख ठेवून चालू आहे. त्यांच्यात कुटुंब आईच्या नावाने चालते. मुलगी सासरी जात नाही आणि मुलगाही वेगळी चूल मांडत नाही. साठीच्या आजीच्या मागोमाग तिची मुले, नातवंडे आणि पतवंडे पोहत असतात. माद्यांची पिल्ले होण्याची वर्षे संपल्यानंतरही त्या पुढे कित्येक वर्षे जगतात, आणि मासे दुर्मीळ झालेल्या हंगामात कळपाला वाट दाखवण्याचे काम बहुधा त्याच करतात. प्रत्येक कुटुंबाच्या हाकांची ठेवण वेगळी असते. आपण म्हणतो, बारा कोसांवर भाषा बदलते. ऑर्कांची बोली कोसांवर बदलत नाही, ती घराण्यागणिक बदलते, आणि एकाच पाण्यात राहणारी दोन घराणी निराळ्या बोली बोलतात. पिल्लू ती बोली आईच्या अंगाशी पोहता पोहता शिकते.

म्हणून बंदिवासातील ऑर्काविषयी पहिला प्रश्न मी असा विचारतो, की याचे माणूस कोणी उरले आहे काय? (प्राण्याच्या बाबतीत 'माणूस' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, आपल्याकडे घरच्या नात्याला दुसरा शब्द नाही.) दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराजवळ सुमारे दोन वर्षांचे एक मादी पिल्लू एकटे भटकताना आढळले. तिला स्प्रिंगर हे नाव मिळाले. ती अशक्त होती, त्वचेचा विकार होता, आणि ती होड्यांना अंग घासत राहत असे. तिच्या हाका ध्वनिमुद्रित केल्यावर ती कोणत्या घराण्याची आहे हे उमगले. ते घराणे सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या पाण्यात होते. उपचार करून त्याच वर्षी जुलैमध्ये तिला वेगवान नौकेने जॉन्स्टन सामुद्रधुनीत नेले आणि एका लहान उपसागरात जाळीच्या कुंपणात ठेवले. दुसऱ्याच दिवशी तिच्या नात्यातील कळप जवळून जाऊ लागला. स्प्रिंगरने हाका घालायला सुरुवात केली आणि माणसांनी जाळे उघडले. पुढच्या काळात ती आपल्या नातेवाइकांबरोबर राहू लागली, आणि २०१३ मध्ये तिला स्वतःचे पिल्लू झाले.

दुसरा ऑर्का केइको. त्याला १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडले तेव्हा तो साधारण दोन वर्षांचा होता. आइसलँड, कॅनडा आणि मेक्सिको सिटी असा त्याचा टाक्यांमधला प्रवास झाला. १९९३ च्या एका चित्रपटामुळे तो जगभर प्रसिद्ध झाला, त्याला सोडवण्यासाठी मुलांनी खाऊचे पैसे पाठवले, आणि १९९८ मध्ये त्याला आइसलँडच्या एका खाडीत जाळीआड आणले. जिवंत मासे पकडण्याचे आणि मोकळ्या समुद्रात हिंडण्याचे शिक्षण त्याला मिळाले. २००२ च्या उन्हाळ्यात तो एकटा समुद्र ओलांडून नॉर्वेला गेला, हे लहानसहान यश नव्हे. मात्र रानटी कळपांजवळ जाऊनही तो कोणाचा झाला नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर तो माणसांचीच सोबत शोधत राहिला आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने गेला. स्प्रिंगरला घरापासून दूर राहून काही महिने झाले होते, केइकोला जवळपास वीस वर्षे, आणि त्याचे घराणे कोणते हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हा बाई, त्या मुलाला असे सांगावे, की विकी आणि केइजो यांना सोडून देता येत नाही, पण टाकीतच ठेवावे लागते असेही नाही. मधला मार्ग आहे तो खाडीचे तोंड जाळीने बंद करून केलेल्या आश्रयस्थानाचा. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात सुमारे १०० एकर पाण्याचे असे आश्रयस्थान उभारण्याची योजना आहे. तेथेही मासे माणसांनीच द्यायचे आणि वैद्यांनी लक्ष ठेवायचे, पण भरती-ओहोटी खरी असेल, तळाशी खडक आणि शैवाल असेल, आणि आई व मुलगा एकत्र राहतील. त्या दोघांना वेगळे करू नये, ही माझी ठाम धारणा आहे. दोघांच्या नशिबात जे गणगोत आले, ते एवढेच आहे.

प्रश्न : मी चाळीस वर्षे मासेमारी केली. समुद्रात जाळ्यात अडकून, जहाज लागून, उपाशी राहून मरणारे जीव मी पाहिले आहेत. टाकीत वेळेवर खाणे आहे, डॉक्टर आहे. मग प्राण्याला त्रास कसला?
— एक मच्छीमार, हर्णै

उत्तर : आपण समुद्र पाहून बोलत आहात, म्हणून उत्तरही आपल्याच मापात देतो. अमेरिकेतील मायामीच्या एका मत्स्यालयात टोकिटे ऊर्फ लोलिटा नावाची मादी राहत असे. तिची टाकी ८० फूट लांब होती आणि सर्वांत खोल जागी २० फूट, म्हणजे जेमतेम सव्वातीन वाव पाणी. ती स्वतः सुमारे २० फूट लांब होती. सव्वातीन वावांत आपण होडी नांगरतो. ऑर्का मात्र शंभर वावांहून खोल बुडी मारू शकतो आणि दिवसाकाठी शंभर किलोमीटरही सहज कापतो. त्या टाकीत टोकिटे अर्धशतकाहून अधिक काळ फिरत राहिली.

ती तेथे कशी आली, हे रापण ओढणाऱ्याला लगेच समजेल. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह या आखातात ऐंशीच्या आसपास ऑर्का विमान, वेगवान बोटी आणि पाण्यात फोडलेले बार यांच्या साहाय्याने हाकत आणून जाळ्यांनी कोंडले. त्यांतून लहान पिल्ले निवडून वेगळी केली, कारण पिल्लू वाहून न्यायला सोपे जाते. सात जणांना नेले. जाळ्यांत अडकून पाच बुडाले, त्यांतील चार पिल्ले होती. मेलेल्या पिल्लांची पोटे चिरून त्यांत दगड भरले आणि ती तळाशी बुडवली, म्हणजे कोणाला कळू नये. पुढे ती वर आलीच. कोंडलेल्या पिल्लांच्या आया जाळ्याबाहेर थांबून हाका मारत राहिल्या, असे त्या वेळी तेथे काम केलेल्या माणसांनी नंतर स्वतः सांगितले आहे.

मायामीत तिच्या सोबतीला ह्यूगो नावाचा नर होता. तो टाकीच्या भिंतींवर डोके आपटत असे, आणि १९८० मध्ये मेंदूतील रक्तवाहिनी फुटून मेला. त्यानंतर त्रेचाळीस वर्षे टोकिटेने दुसरा ऑर्का पाहिला नाही. तिला घरच्या पाण्यात जाळीआड नेण्याची योजना मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली, आणि १८ ऑगस्ट २०२३ रोजी ती टाकीतच मरण पावली. लम्मी या तेथील मूळ रहिवासी समाजाने तिची रक्षा तिच्या जन्माच्या पाण्यात सोडली.

डॉक्टर हाताशी असतो, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु डॉक्टर कशासाठी लागतो तेही पाहावे. बंदिवासातील २९ ऑर्कांच्या दातांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एकाचेही दात पूर्ण धड नव्हते. काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी फाटके चावत राहिल्याने दात झिजतात व मोडतात. मग आतला गाभा काढण्यासाठी दाताला भोक पाडतात, आणि ते भोक पुढे आयुष्यभर धुऊन काढावे लागते. वेळेवर मिळणारे खाणे म्हणजे बादलीतील बर्फातला मासा. समुद्रात मृत्यू आहे, हे मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे पिल्लू लागले, तेव्हा ग्रामस्थ आणि मच्छीमार त्याच्यावर पाणी शिंपडत तासन् तास उभे राहिले, त्याला खोल पाण्यात नेले गेले, तरीही ते जगले नाही. कोणालाही हळहळ वाटावी अशीच ती घटना होती. पण समुद्रातील अपघाताचे उत्तर जन्मभराची टाकी हे होऊ शकत नाही. त्याचे उत्तर जाळी, जहाजे आणि माशांचा साठा यांच्याकडे लक्ष देणे हेच आहे.

प्रश्न : चित्रांत किलर व्हेलचा पाठीवरचा पर सरळ असतो, पण खेळ करणाऱ्यांचा वाकलेला का दिसतो? आणि ते खरोखर माणसे मारतात का?
— इयत्ता नववी, रत्नागिरी

उत्तर : तुझे निरीक्षण अचूक आहे. त्या परात हाड नसते, नुसती चिवट ऊती असते, आणि मोठ्या नराचा पर सहा फुटांपर्यंत वाढतो. समुद्रात खोल पाण्याचा आधार मिळतो. टाकीत प्राणी बराच वेळ पृष्ठभागावर आणि गोल गोल फिरत काढतो, म्हणून पर एका बाजूला कलंडतो, असे मानले जाते. बंदिवासातील जवळजवळ सर्व प्रौढ नरांत हे दिसते, मोकळ्या समुद्रात क्वचित. मोकळ्या ऑर्काने माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. बंदिवासातील ऑर्कांमुळे मात्र चार माणसे गेली, आणि त्यांपैकी तीन घटनांत एकच नर होता, दोन वर्षांचा असताना आइसलँडजवळ पकडलेला टिलिकम. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. तो पाहायला गेलास तर पाठीच्या बाजूला पराचे हाड शोध. ते सापडणार नाही, आणि का सापडत नाही हे तुला आता ठाऊक आहे.

प्रश्न : मी पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो. काही दिवशी ते दिसत नाहीत आणि लोक पैसे परत मागतात. आमच्या तालुक्यात सी वर्ल्ड या सागरी उद्यानाच्या प्रकल्पाची चर्चा बरीच वर्षे झाली. परदेशासारखे खेळ इकडे आले तर पर्यटन वाढेल असे काही जण म्हणतात. कायद्याने ते चालेल का?
— एक होडीचालक, देवबाग, मालवण

उत्तर : चालणार नाही. तोंडवळी-वायंगणीच्या त्या प्रकल्पाचा वाद मुख्यतः जमिनीवरून झाला, तो आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. प्राण्यांपुरते बोलायचे तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये सर्व राज्यांना परिपत्रक पाठवून डॉल्फिनचे खेळघर उभारण्यास परवानगी देऊ नये असे कळवले. हे प्राणी अतिशय बुद्धिमान व संवेदनशील असून करमणुकीसाठी त्यांना कोंडणे नैतिकदृष्ट्या अयोग्य आहे, अशी भूमिका त्यात घेतलेली आहे. त्यापूर्वी मुंबई आणि कोचीसह काही ठिकाणी असे प्रस्ताव होते. १९९८ मध्ये चेन्नईजवळ परदेशातून डॉल्फिन आणून खेळ सुरू केले होते, तेव्हा ते डॉल्फिन काही महिन्यांतच मेले.

ज्या देशांचे उदाहरण दिले जाते, तेथेही वारे फिरले आहे. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंपनीने मार्च २०१६ मध्ये ऑर्कांची पैदास थांबवली, आणि कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे व डॉल्फिन यांना नव्याने बंदिवासात ठेवण्यास कायद्याने मनाई केली. चीन आणि जपानमध्ये मात्र खेळ चालू आहेत, आणि चीनमध्ये टाकीत नवी पिल्लेही जन्माला येत आहेत. माझ्या मते आज सर्वांत आधी थांबवायला हवी ती हीच पैदास. ज्याला पुढे समुद्र देता येणार नाही आणि टाकी देणे योग्य नाही, असे पिल्लू जन्माला घालण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

आता आपल्या धंद्याविषयी. 'डॉल्फिन दिसतीलच' असा फलक लावू नये. दिसण्याची शक्यता सांगावी आणि पैसे फेरीचे घ्यावेत. कळप दिसला की इंजिन न्यूट्रलला टाकून दूर थांबावे, पाठलाग करू नये, आणि दोन-तीन होड्यांनी मिळून त्यांना मध्ये धरू नये. कर्ली नदीच्या मुखाशी पाठीवर कुबड असलेले जे राखाडी डॉल्फिन येतात, त्यांच्यात आईच्या अंगाला चिकटून एखादे लहान, फिकट पिल्लू असते. ती दोघे श्वास घ्यायला एकदमच वर येतात. पर्यटकांना ते पिल्लू दाखवावे, आणि त्या दोघांच्या मधून होडी कधीही घालू नये.