लिस्बनला येताय? मग ‘कुठे राहता’ तीन प्रकारे शिकून या

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात लिस्बनला येताय, ड्युओलिंगोवर ‘ओंजी व्होसे मोरा?’ (तुम्ही कुठे राहता?) पाठ केलंय, आणि विचारलंय की ते इथे चालेल का. समजेल सगळ्यांना, पण ते ब्राझीलचं पोर्तुगीज. इथे ‘व्होसे’ (तुम्ही) जरा जपून वापरा. बऱ्याच जणांना, विशेषतः वयस्करांना, ते उद्धट वाटतं. तू-तुम्हीचा हिशोब आपल्यासारखाच, फक्त ‘तुम्ही’ला इथे सर्वनामच गाळतात. शेजारच्या आजींना ‘ओंद मॉरा?’ एवढंच विचारायचं. मित्राला ‘ओंद्ये के मॉरश?’ शेवटच्या स चा श होतो आणि मधले स्वर गिळतात, त्यामुळे पहिले दोन महिने काहीच कळणार नाही. घाबरू नका.

आता खरी गोम. आपलं ‘राहणे’ सगळीकडे चालतं, इथे ते फोडावं लागतं. कायमचं बिऱ्हाड असेल तर ‘मोरार’. चार दिवसांचा मुक्काम असेल तर ‘फिकार’. म्हणजे आपण पाहुण्याला ‘कुठे उतरलात?’ विचारतो ना, ते. विमानतळावरचा अधिकारी ‘ओंद वाय फिकार?’ विचारेल, तेव्हा हॉटेल किंवा मित्राचं घर सांगा. शिवाय इमारत कुठे आहे हे विचारतानाही हेच क्रियापद: ‘ओंद फीका’ आणि पुढे त्या जागेचं नाव. आणि ‘तुम्ही कुठले?’ याला ‘द ओंद ए?’ इथे घरचा पत्ता सांगत बसू नका, ‘सो द ईंदिअ’ म्हणा.

उत्तर देताना ‘मॉरु’. ‘मॉरु अँय लिज्बोअ’, पण पोर्तोला ‘नु पोर्तु’, लिस्बनशेजारच्या अमादोराला ‘न अमादोरा’. पोर्तो म्हणजे मुळात बंदर, म्हणून त्याला आर्टिकल लागतं, ते ‘नु’मध्ये मिसळलेलं असतं. बाकीच्यांचं तर्कशास्त्र शोधू नका, ऐकून ऐकून बसतं.

पत्त्याला इथे ‘मुरादा’ म्हणतात. पहिल्या महिन्यात एका सरकारी खिडकीवर बाईंनी ‘अ सुअ मुरादा?’ विचारलं, मी ऐकलं ‘नमुरादा’, म्हणजे प्रेयसी. मी गंभीरपणे सांगितलं, ‘नाही, माझं लग्न झालंय.’ मागची रांग हसली. बाई हसल्या नाहीत, पण फॉर्म मात्र त्यांनी स्वतः भरून दिला.

हा शब्द तुम्हाला रोज लागेल. बँक, कर क्रमांक म्हणजे निफ, निवास परवान्याचं कार्यालय आयमा (2023 च्या ऑक्टोबरपर्यंत हे काम सेफ या जुन्या खात्याकडे होतं), सगळे पत्त्याचा पुरावा मागतात. खोली घेताना आधी घरमालकाला विचारा, करार कर खात्यात नोंदवणार का? नुसतं ‘हो हो’ म्हणणारा मला भेटला होता, दोन महिने वाया गेले. शेवटी भागातल्या जुंत द फ्रेगेझिआकडून, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारख्या कचेरीतून, रहिवासी दाखला काढला. तिथल्या दोन मतदार शेजाऱ्यांनी साक्षीला सह्या केल्या. त्यातल्या एक त्याच आजी, ज्यांना मी जिन्यात ‘ओंद मॉरा?’ विचारलं होतं. त्या राहत होत्या माझ्याच वर, तिसऱ्या मजल्यावर डावीकडे. इथे पत्त्यातच डावं-उजवं लिहितात, ते विसरलात तर कुरिअर समोरच्या दारात जातं.