खुंट्यांना दोष देण्याआधी

प्रश्न : माझी स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे. व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवून सूर खाली-वर करायचा दांडा, वापरला की सूर हलतो, म्हणून महागड्या लॉकिंग (तार पक्की धरणाऱ्या) खुंट्या बसवल्या. काडीचा फरक नाही. आता ब्रिज (तारा जिथे अंगावर टेकतात तो भाग) बदलू का?

उत्तर : पाकीट खिशातच राहू द्या. खुंटीतला आट्यांचा दांडा चक्राला फिरवतो, पण चक्र दांड्याला फिरवू शकत नाही. त्यामुळे खुंटी झिजलेली नसेल तर ती आपणहून मागे फिरत नाही. पहिला संशय घ्यायचा तो नटवर, म्हणजे फ्रेटबोर्डच्या (फ्रेट, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्या, बसवलेल्या फळीच्या) टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीवर.

बार पूर्ण दाबून सोडा आणि ट्यूनरकडे बघा. सूर चढलेला दिसला आणि नंतर तीच तार जोरात बेंड केल्यावर (बोटाने बाजूला ताणल्यावर) उतरला, तर ती खाचेत अडकते आहे. बार दाबला की तार ढिली पडते आणि खुंटीकडचा ताण तिला खाचेतून आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर ती तेवढी परत सरकत नाही, म्हणून सूर चढा राहतो. बेंडमध्ये याच्या उलट घडतं. तार लावताना ‘टिंग’ आवाज होऊन सूर उडी मारत असेल, तर एवढ्या चाचणीचीही गरज नाही.

तार सैल करून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. बऱ्याच गिटारी एवढ्यावर सुधारतात. तारांचा नऊचा सेट काढून दहाचा, म्हणजे जाड तारांचा, घातला असेल, तर खाच अरुंद पडत असेल. ती कारागिराकडूनच रुंद करून घ्या. घरातली कानस मी एकदा चालवली होती. खाच खोल गेली, मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागली आणि नवा नट घ्यावा लागला.

नट सुधारूनही भागलं नाही, तर ब्रिजच्या पुढचे सहा स्क्रू बघा. ते घट्ट आवळलेले असतील तर ब्रिज हलतो, पण मूळ जागी परतत नाही.

लेस पॉल प्रकारची गिटार असणाऱ्यांनीही हे वाचावं. तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यामुळे मधल्या डी आणि जी तारा नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात आणि खाचेच्या कडेला घासतात. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर सहाही खुंट्या एका बाजूला असल्याने तारा बऱ्याच सरळ जातात. लेस पॉलची ‘जी’ची तार सतत उतरते, ती यामुळेच. औषध तेच, पेन्सिल.

प्रश्न : नव्या तारा घातल्या की दोन दिवस गिटार उतरतच राहते. तारा खराब आहेत का?

उत्तर : नाही, वेढे अजून बसलेले नाहीत. खुंटीवर दोन-तीन वेढेच द्या, एकाखाली एक, एकमेकांवर न चढवता. मग प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा ओढा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करा. आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणा. चढा झाला तर आधी पुरता उतरवा, मग वर या.

प्रश्न : मी काही वर्षं शास्त्रीय गायन शिकलो. ट्यूनरवर सहाही तारा बरोबर दिसतात, पण ई मेजर कॉर्डमधली तिसरी तार मला चढी वाटते. कान बिघडलाय की गिटार?

उत्तर : तुमचा कान तयार आहे, म्हणूनच हा त्रास! ई हा ‘सा’ धरला, तर तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर शुद्ध गंधार येतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ‘सा’पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे दोन लगतच्या फ्रेटमधल्या स्वरांतराचा शंभरावा भाग) असतो, गिटारच्या फ्रेटवरचा ४०० सेंटवर. हा १४ सेंटांचा फरक तुम्हाला टोचतो. हार्मोनियमवरही गायकांची हीच तक्रार असते. ई कॉर्ड गोड करायला ती तार उतरवलीत, तर जी कॉर्डमध्ये तीच मोकळी तार ‘सा’ असते आणि तिथे बेसूर होते. तेव्हा एवढी तडजोड सोसावीच लागेल.

मात्र दोष १४ सेंटांहून जास्त वाटत असेल तर तपासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ती केसभरच हवी. जास्त असेल तर नटची खाच उंच आहे आणि दाबताना तार ताणली जाते. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (बोट नुसतं टेकवून छेडल्यावर येणाऱ्या स्वराशी) ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा त्या तारेचा टेकू, मानेपासून (फ्रेटबोर्ड असलेल्या दांड्यापासून) मागे घ्या. आणि बोटं जरा हलकी ठेवा. वर दुसरी तार न गुंडाळलेली, जाड अशी ही तिसरी (‘जी’ची) तार दाबाला फार लवकर चढते.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यात रोज सगळ्याच तारा हललेल्या असतात.

उत्तर : एक तार हलली तर दोष त्या तारेच्या वाटेत शोधावा. सहाही एकदम हलल्या तर लाकडाकडे किंवा हवेकडे बघावं. दमट हवेत मान किंचित वाकते. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्याजवळची फट बघा. साधारण पाव मिलिमीटर ठीक. त्याहून बरीच वेगळी असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक सुधारणारी सळई) पाव-पाव फेराच फिरवा. गिटार पेटीत ठेवा, वाजवून झाल्यावर तारा पुसा. गंजलेली तार खाचेत कानशीसारखी घासते. आणि एसीच्या खोलीतून थेट मंचावरच्या दिव्यांखाली गेलात तर तारा तापून उतरणारच. दहा मिनिटं आधी जाऊन बसा.

प्रश्न : तरंगत्या ब्रिजवर फक्त सहावी तार डी वर उतरवली की बाकीच्या का चढतात?

उत्तर : तरंगता ब्रिज लाकडावर टेकलेला नसतो; मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांची रस्सीखेच चालू असते. एका तारेनं जोर सोडला की स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाच ताणल्या जातात. वर खेचण्यासाठी बार वापरत नसाल, तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू आवळा, ब्रिज लाकडावर टेकेपर्यंत. मग खुशाल उतरवा.