मानेतल्या शिरा बारीक असल्यामुळे एमएस होतो का? शीर मोकळी करायच्या ऑपरेशनसाठी वावर विकावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलं की बहिणीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार आहे, अन् एका व्हिडिओत पाहिलं की मानेतली शीर बारीक झाल्यानं हा आजार होतो, तिच्यात फुगा घालून ती मोकळी केली की माणूस परत चालायला लागतो, तर दोन एकर विकून हे करावं का. नका विकू. काहून ते सांगते, जरा लांबेल, कारण हाच प्रश्न आमच्या घरात पंधरा वर्षांआधी येऊन गेला अन् तेव्हाही दोन एकरच मधात होतं.

मी स्वतः पेशंट आहे. दारव्हा तालुक्यात एका गावात अंगणवाडी सेविका. 2008 च्या दिवाळीत उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखे, लाल लुगडं विटकरी दिसे. चष्मेवाल्यानं नंबर काढून दिला, दीड-दोन महिन्यांत आपोआप साफ झालं, विसरून गेले. पुढच्या पावसाळ्यात कमरेखाली मुंग्या, पाय जड, निंदायला बसलं की उठता येईना. सासूबाई म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे वात आहे, कोणी बी-ट्वेल्व्हची सुया टोचल्या, असं सगळं फिरून शेवटी नागपूरला एमआरआय झाला तेव्हा नाव कळलं. मोटारपंपाच्या केबलचं रबर उंदरानं कुरतडलं की करंट मधातच गळते ना, तसं. फक्त इथं उंदीर बाहेरचा नाही, आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या अन् मणक्यातल्या नसांवरचं कव्हर कुरतडते.

मग 2011 मध्ये पुण्यात शिकणारा भाचा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. इटलीत फेरारा नावाच्या शहरात पाओलो झांबोनी म्हणून शिरांचे सर्जन आहेत, त्यांच्या बायकोलाच एमएस. त्यांचं म्हणणं असं की मेंदूतून रक्त खाली आणणाऱ्या मानेतल्या मोठ्या शिरा अन् छातीतली अ‍ॅझिगस शीर बारीक झाली की रक्ताचा निचरा होत नाही, रक्त मागं तुंबते, मेंदूत लोह साचते, सूज येते, अन् त्यातून एमएस. सीसीएसव्हीआय असं नाव दिलं त्याला. 2009 मध्ये 65 पेशंट तपासून सांगितलं की एमएसवाल्यांत हे सापडते, बाकीच्यांत नाही. कॅनडात त्याच वर्षी टीव्हीवर आलं अन् तिकडचे पेशंट पोलंड, कोस्टारिका, आपल्या भारतात सुद्धा येऊन हे ऑपरेशन करून घ्यायला लागले.

आमच्या दादाला हे एका वाक्यात पटलं. म्हणे, "अवं बाई, हे तं आपल्या नाल्याकाठच्या वावरासारखंच आहे. पाण्याले निघाले जागा नाई, वावर चिबडते, पऱ्हाटी पिवळी पडते. चर मोकळा केला का झालं." खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. शेतकऱ्याला पटेल असंच आहे ते, म्हणून तर तुम्हालाही पटून राहिलं. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यानं फोनवर साडेतीन लाख सांगितले, वरून म्हणे लवकर या, नंबर लागून राहिलेत. त्या वर्षी कापसाला भाव बरा होता, गिऱ्हाईक पण मिळालं.

अन् अडलं कुठं, तर सातबाऱ्यावर. मेलेल्या काकांचं नाव अजून उतरलंच नव्हतं, चुलतभावाची सही पाहिजे होती, तो सुरतेला, फेरफार काही होईना. आम्ही काही शहाणे होतो म्हणून थांबलो असं नाही, तलाठ्याकडच्या चकरांनी थांबवलं.

आता खरी गोष्ट ऐका. त्या चकरा चालू असतानाच, म्हणजे त्याच हिवाळ्यात, मी आपोआप सुधारले. मुंग्या गेल्या, काठी सुटली, संक्रांतीचं वाण लुटायला मी पायी पूर्ण गाव फिरले. काहीच ऑपरेशन नाही, गोळी पण तीच जुनी. हे आजाराचं रूपच आहे, बहुतेक पेशंटमध्ये सुरुवातीची काही वर्षं तो येते अन् ओसरते, कधी पूर्ण, कधी थोडा डाग ठेवून. माणूस दवाखान्यात कधी जाते, जेव्हा सगळ्यात वाईट चालू असते तेव्हा, अन् त्याच्यानंतर बहुतेक वेळा थोडी सुधारणा होणारच असते. मी नेहमी विचार करते, फेरफार वेळेवर झाला असता अन् डिसेंबरात माझी शीर फुगवली असती, तर आज मी पण त्या व्हिडिओत असते, देवाची शपथ घेऊन सांगत असते की शीर मोकळी झाली अन् मी चालायला लागले. अन् मनापासून सांगितलं असतं, खोटं नाही. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतली बाई पण खोटं बोलून राहिली असं मी म्हणत नाही.

म्हणून नुसतं पेशंटच्या सांगण्यावर जाता येत नाही, दोन गट करून पाहा लागते. तसं पाहिलं गेलं. आधी शिरांचंच घ्या. कॅनडात एमएसचे पेशंट, त्यांचे सख्खे भाऊबहीण अन् काहीच नातं नसलेले धडधाकट लोक, तिघांच्याही शिरा नळी घालून, डाय सोडून तपासल्या, 2013 मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी मासिकात आलं ते. शीर अर्ध्याहून जास्त बारीक असलेले पेशंट निघाले 74 टक्के. अन् धडधाकट लोकांत किती, तर 70. भाऊबहिणींत 66. म्हणजे शिवारातल्या सगळ्यांचेच चर अर्धे बुजलेले, अन् त्यांची पऱ्हाटी हिरवीगार. मग माझी पिवळी पडली ती चरामुळे कशी म्हणता?

तरी वाटते ना की करून तर पाहू. तेही करून झालं. कॅनडात 104 पेशंट घेतले, काहींची शीर खरंच फुग्यानं मोकळी केली, काहींना नळी घातली पण फुगा फुगवलाच नाही, अन् कोणाचं काय झालं हे पेशंटला सांगितलं नाही. वर्षभराच्या आसपास पाहिलं, 2017 ला निकाल आला, दोन्ही गट सारखेच. अन् त्याच वर्षी खुद्द झांबोनींनी इटलीत केलेल्या अशाच अभ्यासाचा निकाल आला, चढउतार होणाऱ्या एमएसचे 115 पेशंट, अन् स्वतःच लिहून दिलं की फायदा नाही, हे करू नये. त्या माणसाचं मला कौतुक वाटते, घरात आजारी बायको अन् स्वतःची कल्पना स्वतः खोडायची म्हणजे सोपं नाही. पण ज्यानं काढलं त्यानं सोडलं, अन् आपल्याकडं त्याचे व्हिडिओ अजून फिरून राहिलेत.

फुकटची रिस्क पण नाही. अमेरिकेच्या औषध खात्यानं 2012 मध्येच इशारा दिला होता, रक्ताची गाठ, पक्षाघात, शिरेत बसवलेली स्टेंट (जाळीची नळी) सरकणे, मृत्यू सुद्धा.

शिरांचा एमएसशी काहीच संबंध नाही असं पण नाही बरं का, नाहीतर कोणी तुम्हाला अर्धं सांगून गुंडाळेल. मेंदूतले डाग, म्हणजे जिथं नसांचं कव्हर कुरतडलं गेलं त्या जागा, बहुतेक करून बारक्या शिरेच्या भोवती होतात, हे 1860 च्या दशकापासून माहीत आहे, आता एमआरआयमध्ये डागाच्या मधोमध शीर दिसते का यावरून निदानाला मदत होते. पण ती मेंदूच्या आतली केसासारखी शीर, तिथून रोगप्रतिकारशक्तीच्या बिघडलेल्या पेशी बाहेर पडतात. मानेतली मोठी शीर वेगळी.

उन्हाळ्याचं मात्र नक्की लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर जाते. अंग तापलं की एमएसमध्ये दिसणं, चालणं तात्पुरतं बिघडते, ताप आला तरी तेच. मी एकदा भर उन्हात पोषण आहाराचं सामान उतरवून घेतलं अन् दुपारी दारातला माणूस ओळखू येईना, घरात रडारड, दादा गाडी काढून नागपूरला निघाला. कूलरपुढं तासभर झोपले, सगळं जागेवर. नवा झटका म्हणजे 24 तासांहून जास्त टिकतो, तेव्हा डॉक्टरला फोन करायचा, सलाईनमधून स्टिरॉइड देतात. बहिणीला वेचणीला पाठवत असाल तर सकाळी लवकर, डोक्याला ओला दुपट्टा, अन् कूलरचं पाणी भरायचं काम तिच्याकडं देऊ नका, बादली घेऊन पडते माणूस.

पैसा लागणारच आहे, तो गोळ्या-इंजेक्शनला ठेवा. झटके कमी करणारी औषधं आता बरीच आहेत, आपल्याकडं रिटुक्सिमॅब पण पुष्कळ डॉक्टर वापरतात, त्याच्याआधी हिपॅटायटिस बी, टीबी तपासतात. बरं वाटलं म्हणून बंद करू नका, मी 2014 ला केलं होतं, सहा महिन्यांत डावा हात गेला, अजून भाकर एका हातानं थापते. अन् 2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, 21 प्रकारांत, सिव्हिल हॉस्पिटलमधून प्रमाणपत्र अन् युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. बाबू लोक "हे कोणतं अपंगत्व" विचारतात, यादीची प्रिंट खिशात ठेवा.

एक मला कळवा, ताईचा एमआरआय फक्त मेंदूचा झाला की मणक्याचा पण, अन् अ‍ॅक्वापोरिनची रक्त तपासणी झाली का? एनएमओ म्हणून एमएससारखाच दिसणारा दुसरा आजार असते, त्याची औषधं वेगळी, एमएसची काही औषधं त्याच्यात उलटी पडतात. झाली नसेल तर पुढच्या वेळी तेवढं विचारून घ्या.